डेटाबेसचे कमजोर सायफर बंद करताना: ओळ बदलायच्या आधी कोण कसं जोडलंय ते पाहा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या डेटाबेसचं काम मी बघतो. परदेशी खरेदीदाराकडून दरवर्षी एक प्रश्नावली येते. रंग पक्का आहे का, सांडपाण्याचं काय करता, कामगारांचे तास किती, असले प्रश्न असायचे. एका वर्षी त्यात नवीन प्रश्न आला: डेटाबेस सर्व्हरवर कमजोर सायफर, म्हणजे जोडणीतला मजकूर झाकायच्या कच्च्या पद्धती, चालू आहेत का? शेठनी कागद माझ्यापुढे सरकवला. "सर, एवढं 'नाही' म्हणून टिक करून द्या की."

मी सेटिंगची एक ओळ बदलली, सर्व्हरला रीलोड दिला. दहा मिनिटांचं काम. फोन नाही, तक्रार नाही, माग चालू, बिलं चालू. मी खूश. चार दिवसांनी सहज जोडण्यांची यादी काढली, तर चिंचोळीच्या गोदामातलं लेबल छापायचं मशीन आता एन्क्रिप्शनशिवायच जोडलेलं दिसलं. आधी ते निदान टीएलएसच्या, म्हणजे जोडणी झाकणाऱ्या प्रोटोकॉलच्या, जुन्या १.० आवृत्तीवर तरी होतं. मी दार घट्ट केलं आणि ते गडी खिडकीतून ये-जा करू लागलं, तेही इंटरनेटवरून.

हे कसं होतं ते पुढे सांगतोच. पण या लेखातला पायऱ्यांचा क्रम त्या प्रसंगातून आला आहे, म्हणून पायऱ्या उलटसुलट करू नका. मुख्य उदाहरण पोस्टग्रेस या डेटाबेसचं घेतलंय. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरबद्दल शेवटी थोडं आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, अंडरस्कोर, कोलन आणि उद्गारचिन्ह जसंच्या तसं ठेवून.

कमजोर म्हणजे नेमकं काय

सायफर सूट म्हणजे एक अल्गोरिदम नव्हे, चार जणांची टोळी असते. किल्ली कशी ठरवायची, समोरचा खरा आहे हे कसं ओळखायचं, मजकूर कशानं झाकायचा आणि वाटेत कोणी हात लावला का हे कसं तपासायचं. चौघांपैकी एक जरी कच्चा असला तरी सगळं वस्त्र तिथून उसवतं.

नल सायफर झाकतच नाहीत. अनामिक सायफर झाकतात, पण समोर कोण आहे हे विचारत नाहीत. एक्सपोर्ट दर्जाचे सायफर अमेरिकेच्या जुन्या निर्यात नियमांमुळे मुद्दाम कमकुवत ठेवलेले होते. २०१५ मध्ये फ्रीक आणि लॉगजॅम या हल्ल्यांनी ते किती महागात पडू शकतात हे दाखवलं. आरसी४ हा जुना सायफर त्याच वर्षी आरएफसी ७४६५ नं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) टीएलएसमधून बाद केला. टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्यांना मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ नं अधिकृत निरोप दिला.

३डीईएस जरा समजून घ्यायला हवा, कारण तो खास डेटाबेसवाल्यांचा शत्रू आहे. तो मजकूर ६४ बिटांच्या, म्हणजे ८ बाइटच्या तुकड्यांत झाकतो. तेवीस माणसं एका खोलीत आली की दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. तसंच इथे सुमारे ३२ जीबी मजकूर एकाच किल्लीनं गेला की दोन झाकलेले तुकडे एकसारखे निघण्याची शक्यता मोठी होते आणि त्यातून मूळ मजकुराचा धागा हाती लागतो. २०१६ च्या स्वीट३२ हल्ल्याचं मूळ हेच. वेबपेजची जोडणी दोन मिनिटांत संपते. डेटाबेसची जोडणी मात्र कनेक्शन पूलमध्ये (उघड्या जोडण्या राखून पुन्हापुन्हा वापरायची सोय) दिवसचे दिवस उघडी असते आणि रात्रीचा बॅकअप तीच नळी भरभरून वापरतो. ३२ जीबी व्हायला किती वेळ लागणार?

दुसरी गोष्ट आरएसए या पद्धतीनं किल्ली ठरवणाऱ्या सूटची. त्यात कोणी आजची सगळी वाहतूक नुसती साठवून ठेवली आणि दोन वर्षांनी सर्व्हरची खासगी किल्ली त्याच्या हाती लागली, तर जुनं सगळं उलगडतं. किल्ली कशी हाती लागेल? जुना सर्व्हर डिस्कसकट भंगारवाल्याला दिलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. ईसीडीएचई ही किल्ली ठरवायची दुसरी पद्धत असलेल्या सूटमध्ये प्रत्येक जोडणीची किल्ली नवी ठरते आणि जोडणी संपली की टाकून दिली जाते, त्यामुळे जुनी साठवण तशीच बंद राहते.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

काही बदलायचं नाही. सर्व्हरवर सुपरयुजर म्हणून शिरा आणि हे चालवा:

सिलेक्ट ए.युजनेम, ए.क्लायंट_अ‍ॅड्र, ए.अ‍ॅप्लिकेशन_नेम, एस.एसएसएल, एस.व्हर्जन, एस.सायफर फ्रॉम पीजी_स्टॅट_एसएसएल एस जॉइन पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी ए युझिंग (पीआयडी);

प्रत्येक जोडणीपुढे ती एन्क्रिप्टेड आहे का, कुठल्या टीएलएस आवृत्तीवर आणि कुठल्या सायफरवर, हे दिसेल. पत्त्याचा रकाना रिकामा असलेल्या ओळी सर्व्हरच्या आतल्या सॉकेटच्या असतात, त्यांची काळजी नको.

पण ही यादी म्हणजे त्या क्षणाचा फोटो. महिन्याला एकदा पगारपत्रक काढणारा संगणक किंवा पहाटे तीनला चालणारी बॅकअप स्क्रिप्ट त्यात सापडणार नाही. त्यासाठी लॉग_कनेक्शन्स चालू करा. जोडणी होताना प्रोटोकॉल आणि सायफर लॉगमध्ये नोंदले जातात. निदान एक आठवडा, आणि जमलं तर महिनाअखेर पदरात पडेल अशा बेतानं हे चालू ठेवा. आमच्याकडे विणाईच्या शेडमधून उत्पादन नोंदवणारा एक जुना संगणक फक्त रात्रपाळीत चालू व्हायचा, हे मला लॉगनं सांगितलं. विचारलं असतं तर कोणालाच आठवलं नसतं.

एका वहीत किंवा शीटमध्ये लिहा: पत्ता, मशीन कुठे आहे, कुठलं सॉफ्टवेअर, टीएलएस आवृत्ती, सायफर, कोणाला फोन करायचा. शेवटचा रकाना विसरू नका.

मध्ये पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससाठी कनेक्शन पूल सांभाळणारा प्रोग्रॅम) बसवला असेल तर डेटाबेसला फक्त तोच दिसतो. त्याच्या पलीकडची मंडळी कशी जोडली आहेत हे त्याच्या स्वतःच्या सेटिंगवर अवलंबून असतं, आणि क्लायंटच्या बाजूचं टीएलएस तिथे मुळात बंद असतं. दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवत असाल तर ती रेप्लिकेशनची जोडणीही यादीत धरा.

दुसरी पायरी: जुन्यांचा बंदोबस्त

यादीत टीएलएस १.० किंवा १.१ दिसलं की तिथला ड्रायव्हर जुना आहे. विंडोज जुनं असलं म्हणजे टीएलएस जुनंच असणार असं नाही. पोस्टग्रेसचा ओडीबीसी ड्रायव्हर (विंडोजवरच्या सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणारा दुवा) स्वतःचं ओपनएसएसएल, म्हणजे टीएलएसचं काम करणारी लायब्ररी, बरोबर घेऊन येतो. टीएलएस १.२ ओपनएसएसएलमध्ये आलं २०१२ च्या १.०.१ आवृत्तीपासून. त्याआधीचं काही असेल तर बदलल्यावाचून इलाज नाही. जावाचं सॉफ्टवेअर असेल तर जावा ८ पासून क्लायंट आपणहून टीएलएस १.२ वापरतो, जावा ७ ला ते येतं, पण सांगावं लागतं.

चिंचोळीच्या त्या मशीनवर मी नवा ओडीबीसी ड्रायव्हर बसवला. काही फरक नाही. दुसऱ्यांदा बसवला. तरी नाही. उन्हाळ्यातली दुपार, वर पत्रा, आणि गोदामातला पोरगा दर पाच मिनिटांनी "सर, गाडी भरायचीय" म्हणून डोकावतोय. शेवटी त्या सॉफ्टवेअरचं फोल्डर उघडलं तर आत लिबपीक्यू, लिबईए३२ आणि एसएसएलईए३२ या नावांच्या, म्हणजे पोस्टग्रेस क्लायंटच्या आणि ओपनएसएसएलच्या, डीएलएल फाइल पडलेल्या. विंडोज डीएलएल शोधताना आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतं. मी बाहेर कितीही नवं बसवलं तरी तो आतलंच जुनं उचलत होता. फाइलवर उजवी टिचकी मारून गुणधर्मांत आवृत्ती बघा; हे दोन मिनिटांचं काम मी आधी केलं असतं तर दुपार वाचली असती.

विक्रेत्याकडून नवी आवृत्ती येईपर्यंत मधला मार्ग म्हणून त्या मशीनवर स्टनेल हा टीएलएसचा बोगदा करणारा प्रोग्रॅम बसवला. त्यात क्लायंट = येस, प्रोटोकॉल = पीजीएसक्यूएल, ॲक्सेप्टमध्ये १२७.०.०.१:५४३३ आणि कनेक्टमध्ये सर्व्हरचं नाव व ५४३२. सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासायलाही त्याला सांगा. आपण होऊन तो तपासत नाही. लेबलचं सॉफ्टवेअर मग स्वतःच्याच मशीनवरच्या ५४३३ ला साधं जोडतं आणि बाहेर जाणारा मजकूर स्टनेल झाकतो. सॉफ्टवेअरच्या जोडणीत एसएसएलमोड डिसेबल ठेवायला विसरू नका, नाहीतर तो बोगद्याच्या आत पुन्हा टीएलएस मागतो आणि जोडणी तुटते.

तिसरी पायरी: खिडकी आधी बंद

माझी चूक इथे झाली होती. पोस्टग्रेसच्या क्लायंटचा एसएसएलमोड काही न सांगितल्यास "प्रेफर" असतो. म्हणजे आधी टीएलएसनं प्रयत्न, ते फसलं तर गुपचूप साध्या जोडणीनं. आणि कोणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हरच्या पीजी_एचबीए फाइलमध्ये ओळ "होस्ट" नं सुरू होत असेल तर ती दोन्ही प्रकार आत घेते. मी कमजोर सायफर बंद केल्यावर जुन्या मशीनचा टीएलएस प्रयत्न फसला, त्यानं साधा दरवाजा ठोठावला, सर्व्हरनं उघडला. कोणाचंच काही अडलं नाही, म्हणून कोणाचा फोनही आला नाही.

म्हणून सायफरला हात लावण्याआधी पीजी_एचबीए उघडा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक ओळीतला "होस्ट" शब्द बदलून "होस्टएसएसएल" करा. आणि नेटवर्कच्या ओळींच्या वर ही एक टाका:

होस्टनोएसएसएल ऑल ऑल ऑल रिजेक्ट

या फाइलमध्ये जी ओळ पहिली जुळते तीच लागू होते. खालच्या ओळी मग कोणी वाचत नाही. त्यामुळे ही रिजेक्टची ओळ तळाशी टाकून उपयोग नाही. "लोकल" नं सुरू होणाऱ्या सॉकेटच्या ओळींना तिचा त्रास नाही. रीलोड करण्याआधी पीजी_एचबीए_फाइल_रुल्स या व्ह्यूत एररचा रकाना बघा. टायपिंगची चूक तिथे लगेच दिसते.

हे करण्याच्या दिवशी सर्व्हरजवळ राहा. जे कोणी साधे जोडत होते ते आता तुटतील, आणि ते तुटायलाच हवेत. आठवड्याची यादी नीट केली असेल तर आश्चर्य वाटेल असं काही होणार नाही.

चौथी पायरी: आता ती ओळ

पोस्टग्रेस १२ मध्ये टीएलएसची किमान आवृत्ती ठरवायचं सेटिंग आलं, पण त्याची मूळ किंमत टीएलएस १.० होती. १३ पासून ती १.२ झाली. अपग्रेड करताना जुनी कॉन्फिग फाइल तशीच आणली असेल तर जुनी किंमतही सोबत आलेली असू शकते, तेव्हा गृहीत धरू नका.

ऑल्टर सिस्टम सेट एसएसएल_मिन_प्रोटोकॉल_व्हर्जन = 'टीएलएसव्ही१.२';

ऑल्टर सिस्टम सेट एसएसएल_सायफर्स = 'ईसीडीएचई+एईएसजीसीएम:ईसीडीएचई+चाचा२०';

सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ();

मूळ यादी असते "हाय:मीडियम:+३डीईएस:!एनल" अशी. त्यातल्या "+३डीईएस" चा अर्थ ३डीईएस जोडा असा नाही, त्याला रांगेत सगळ्यात शेवटी ढकला असा आहे. काढायचं असेल तर उद्गारचिन्ह लागतं. हे चिन्ह चुकीचं वाचून "आमच्याकडे मुद्दाम ३डीईएस घातलाय" असा अहवाल देणारे तपासनीस मला भेटले आहेत. शिवाय ओपनएसएसएल १.१.० पासून नेहमीच्या बांधणीत ३डीईएस आणि आरसी४ मुळात येतच नाहीत, त्यामुळे नव्या लिनक्सवर ते यादीत लिहिले तरी मिळणार नाहीत. जुन्या मशीनवर मात्र ते जिवंत असतात.

मी "हे नको, ते नको" अशी लांबलचक यादी करत नाही. जे हवं तेवढंच लिहितो. वरच्या ओळीचा अर्थ काय होतो ते सर्व्हरच्याच मशीनवर ओपनएसएसएल सायफर्स -व्ही ही आज्ञा देऊन, तिच्यापुढे ती ओळ अवतरणात टाकून बघा. टीएलएस १.२ चे सहा सूट दिसतील. त्यातले तीन ईसीडीएसए प्रकारच्या प्रमाणपत्रासाठी, तीन आरएसए प्रकारच्या. तुमचं प्रमाणपत्र आरएसएचं असेल तर प्रत्यक्षात वापरात येणारे तीनच.

त्या यादीत टीएलएस १.३ चे सूटही दिसतील आणि इथे बरेच जण गोंधळतात. एसएसएल_सायफर्स हे सेटिंग १.२ आणि त्याखालच्या आवृत्त्यांनाच लागू आहे. १.३ वर त्याचा काहीही परिणाम नाही. पोस्टग्रेस १८ मध्ये त्यासाठी वेगळं सेटिंग आलं. पण घाबरू नका. १.३ मधून आरसी४, ३डीईएस, आरएसएनं किल्ली ठरवणं हे सगळं ऑगस्ट २०१८ च्या आरएफसी ८४४६ नंच काढून टाकलंय. तिथे आवळण्यासारखं फारसं काही उरत नाही.

रीलोडनंतर लॉग वाचा, फक्त "शो एसएसएल_सायफर्स" बघून समाधान मानू नका. यादीत टायपिंगची चूक असेल तर सर्व्हर लॉगमध्ये "एसएसएल कॉन्फिगरेशन रीलोड झालं नाही" अशा अर्थाची ओळ टाकतो आणि जुन्याच सेटिंगवर चालत राहतो. शो मात्र तुम्ही लिहिलेली नवी ओळ दाखवतो. आणि मग कधीतरी वीज जाऊन सर्व्हर बंद पडला की पुन्हा उठतच नाही, कारण सुरू होताना तीच चूक त्याला माफ नसते.

अजून एक. नवी सेटिंग फक्त नव्या जोडण्यांना लागते. आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या जुन्याच सायफरवर राहतात. रात्री बदल केला, सगळं ठीक दिसलं, घरी येऊन झोपलो, आणि सकाळी सातच्या पाळीला संगणक चालू झाले की एकेक जोडणी नकार खाते. म्हणून रीलोडनंतर तिथल्या तिथे ॲप्लिकेशनचे पूल पुन्हा सुरू करा आणि काय तुटतंय ते तुमच्या डोळ्यांसमोर तुटू द्या. लॉगमध्ये "अनसपोर्टेड प्रोटोकॉल" दिसलं तर क्लायंटची टीएलएस आवृत्ती जुनी. "नो शेअर्ड सायफर" दिसलं तर आवृत्ती चालते पण दोघांच्या यादीत समाईक सूट नाही. परत फिरायचं असेल तर ऑल्टर सिस्टम रीसेट आणि पुढे सेटिंगचं नाव, मग रीलोड. हे कागदावर आधीच लिहून ठेवा. घाम फुटल्यावर आठवत नाही.

पाचवी पायरी: खोटा दिलासा न घेता तपासणी

बहुतेक जण असं तपासतात:

ओपनएसएसएल एस_क्लायंट -स्टार्टटीएलएस पोस्टग्रेस -कनेक्ट सर्व्हर:५४३२ -टीएलएस१_१

जोडणी फसते, आणि "झालं, बंद आहे" म्हणून टिक होते. पण नकार कोणी दिला? तुमच्या लॅपटॉपवर ओपनएसएसएल ३ असेल तर तोच टीएलएस १.१ बोलायला तयार नसतो. सर्व्हरपर्यंत गोष्ट गेलीच नाही. आज्ञेत -सायफर 'डिफॉल्ट@सेकलेव्हल=०' हे जोडून पुन्हा करा, आणि नकाराची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटली का ते बघा. तिथे उमटली तरच ती सर्व्हरची.

३डीईएसचं तर याहून अवघड, कारण लॅपटॉपच्या ओपनएसएसएलमध्ये तो नसतोच. त्यासाठी टेस्टएसएसएल ही स्क्रिप्ट वापरा. ती हस्तांदोलनाचा, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या बोलणीचा, बराच भाग स्वतः रचते, मशीनच्या ओपनएसएसएलवर विसंबत नाही, आणि पोस्टग्रेस व मायएसक्यूएल दोन्हींची स्टार्टटीएलएस (साध्या जोडणीत मग टीएलएस सुरू करायची) पद्धत तिला येते. एनमॅपची एसएसएल-एनम-सायफर्स ही स्क्रिप्टही चालते. तपासणी ऑफिसच्या आतून एकदा आणि गोदामाच्या नेटवरून एकदा करा; मध्ये कोणी वेगळी पेटी बसवली असेल तर निकाल वेगळे येतात.

मग पहिल्या पायरीची क्वेरी पुन्हा चालवा आणि जुन्या यादीशेजारी ठेवा. एसएसएलच्या रकान्यात एकही "एफ" (म्हणजे एन्क्रिप्शन नाही) नसावा, सॉकेटच्या ओळी सोडून.

सायफर कितीही पक्का असला तरी क्लायंट सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासत नसेल तर मध्ये बसलेला कोणीही स्वतःला सर्व्हर म्हणवू शकतो. "रिक्वायर" हा मोड नुसतं एन्क्रिप्शन मागतो. स्वतःचं छोटं सीए (प्रमाणपत्रांवर सही करणारी यंत्रणा) बनवा, त्याचं मूळ प्रमाणपत्र प्रत्येक क्लायंटवर ठेवा आणि एसएसएलमोड "व्हेरिफाय-फुल" करा. जोडणी आयपी पत्त्यानं न देता नावानं द्या, तेच नाव प्रमाणपत्रात घाला. आमच्याकडे हे काम एका दमात झालं नाही. आधी चिंचोळी, मग ऑफिस, मग शेड.

दुसरे डेटाबेस, थोडक्यात

मायएसक्यूएलमध्ये टीएलएस_व्हर्जन, १.२ साठी एसएसएल_सायफर आणि १.३ साठी टीएलएस_सायफरसूट्स अशी तीन सेटिंग आहेत. खिडकी बंद करायचं काम रिक्वायर_सिक्युअर_ट्रान्सपोर्ट = ऑन करतं. बदल लागू करायला ऑल्टर इन्स्टन्स रीलोड टीएलएस. ८.०.२८ पासून टीएलएस १.० आणि १.१ मुळातून काढलेले आहेत, त्यामुळे अपग्रेड करतानाच जुने क्लायंट तुटतील. यादी तिथेही आधी करा.

एसक्यूएल सर्व्हरकडे सायफरची स्वतःची यादी नसते. तो विंडोजच्या एसचॅनेल या टीएलएस सांभाळणाऱ्या भागावर चालतो, म्हणजे बदल रजिस्ट्रीत किंवा ग्रुप पॉलिसीत करायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं. तो बदल त्या मशीनवरच्या आयआयएस या वेब सर्व्हरला आणि रिमोट डेस्कटॉपलाही लागतो. सर्व्हर गोदामात आणि तुम्ही सात रस्त्याला घरी बसून रिमोट डेस्कटॉपनं हे करणार असाल तर थांबा. त्या मशीनला कीबोर्ड-मॉनिटर जोडून तिथे कोणीतरी बसेल, एवढी सोय आधी करा.